साबरमतीच्या अंगणात वाळलेले कापड

अहमदाबादला एलिस पुलाजवळ, नदीच्या पूर्व काठावर, दर रविवारी गुजरी बाजार भरतो. जुन्या सायकलींची चाके, पितळी कड्या, बंद पडलेली घड्याळे, घर मोडल्यावर निघालेले कोरीव लाकूड असे सगळे तिथे जमिनीवर मांडलेले असते. नोकरीच्या निमित्ताने मी त्या शहरात तीन वर्षे राहिलो आणि त्या बाजारातून आणलेली एकच वस्तू आज माझ्या टेबलावर आहे, ती म्हणजे हातमागाचा नव्हे तर गिरणीतल्या मागाचा एक धोटा, विणताना आडवे सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा. दीड वीत लांबीचा, टणक लाकडाचा, हाताळून हाताळून तुळतुळीत झालेला, दोन्ही टोकांना लोखंडी चोच बसवलेली, पोटात सुताची कांडी ठेवण्यासाठी खाच आणि बाजूला चिनीमातीचे अस्तर लावलेला एक बारीक डोळा. तो घेतला तेव्हा वाटले होते की कागदांवर ठेवायला वजन होईल. त्या बारीक डोळ्याची गोष्ट मला पुढे कळली आणि तेव्हापासून तो कागदांवर ठेवावासा वाटत नाही. तिच्याकडे मी येईनच, पण आधी नदी.

नदीकाठचे जुने औद्योगिक शहर म्हटले की काठाला लागलेल्या नावा, दगडी घाट, पाण्याच्या जोरावर फिरणारी चाके आणि नदीला खेटून उभ्या असलेल्या गिरण्या डोळ्यांपुढे येतात. साबरमतीच्या बाबतीत यांतले जवळजवळ काहीच खरे नाही. अरवलीच्या डोंगरांत उगम पावून खंबातच्या आखातात जाणारी ही नदी पावसाळ्यात क्वचित अंगावर येई आणि उरलेले आठ-नऊ महिने रुंद वाळूतून दोन-चार बारीक धारांनी वाहत असे. तिच्यात माल वाहणारी गलबते चालली नाहीत आणि तिच्या पाण्यावर यंत्रेही चालली नाहीत. रेल्वे आल्यावर तर बहुतेक गिरण्या नदीकडे पाठ करून शहराच्या पूर्वेला, रुळांच्या कडेने उभ्या राहिल्या. तरीही हे शहर नदीचेच आहे असे मला वाटते, कारण साबरमतीने शहराला पाण्यापेक्षाही जास्त आपली वाळू दिली. पाचशेहून अधिक वर्षे ते कोरडे पात्र या शहराचे अंगण होते. तिथे कापड धुतले गेले, वाळले, बाजार भरले, टरबुजांचे मळे झाले, सर्कशींचे तंबू पडले आणि संपकऱ्यांच्या सभाही भरल्या.

सुलतान अहमदशहाने १४११ मध्ये नदीच्या पूर्व तीरावर, जुन्या आशावल गावाच्या शेजारी, हे शहर वसवले. सशाने कुत्र्यांवर चाल केलेली पाहून बादशहाने ही जागा निवडली, ही दंतकथा गुजरातेत शाळकरी पोरालाही पाठ असते. मला मात्र माणेकनाथाची कथा अधिक आवडते. तट बांधायला सुरुवात झाली तेव्हा नदीकाठी राहणारा माणेकनाथ बाबा दिवसभर एक चटई विणत बसे आणि रात्री तिचे सगळे धागे उसवून टाकी. धागे सुटले की दिवसभरात उभी राहिलेली भिंत ढासळे. शेवटी त्याची मनधरणी करून एका बुरुजाला आणि एका चौकाला त्याचे नाव दिले गेले. माणेक बुरूज आजही एलिस पुलाच्या टोकाशी आहे आणि माणेक चौकात दिवसा सोने-चांदी व रात्री खाद्यपदार्थ विकले जातात. ज्या शहराच्या जन्मकथेतच विणणे आणि उसवणे आहे, त्याच्या पुढच्या इतिहासाचे आश्चर्य वाटत नाही. अहमदाबाद तीन धाग्यांना लटकले आहे, एक सुताचा, एक रेशमाचा आणि एक सोन्याचा, असे जुने लोक म्हणत. सुती कापड, रेशीम-सुताचे मश्रू आणि जरीचा किनखाब यांवर शहर जगत होते, आणि जवळच्या सरखेजची नीळ इंग्रज व डच व्यापाऱ्यांना इथवर ओढून आणत होती. जहांगीर बादशहाला मात्र इथली धूळ सोसली नाही. त्याने शहराला ‘गर्दाबाद’ असे नाव ठेवले.

नदीचा उपयोग कसा होई हे समजून घ्यायचे असेल तर ‘मातानी पछेडी’ हे देवीचे चित्रकापड कसे तयार होते ते पाहावे. चितारा म्हणून ओळखली जाणारी कुटुंबे हे काम पिढ्यानपिढ्या करत आली आहेत. कोरे कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवतात, त्यामुळे ते फिकट पिवळे दिसते. लोखंडाचा भंगार तुकडा आणि गूळ कितीतरी दिवस पाण्यात कुजवून काळा रंग मिळवतात आणि तो चिंचोक्याच्या खळीत दाट करून त्याने रेषा काढतात. जिथे लाल हवा तिथे तुरटीची खळ भरतात; गंमत अशी की त्या वेळी तिथे लाल असे काही दिसतच नाही. मग कापड वाहत्या पाण्यात धुवावे लागते आणि ते वाहतेच असावे लागते, कारण जास्तीची तुरटी सुटून साचलेल्या पाण्यात राहिली तर ती पांढऱ्या जागी बसते आणि सगळे चित्र डागाळते. त्यानंतर धायटीची फुले टाकून रंगाच्या हंड्यात उकळले की तुरटीच्या जागा एकाएकी लालभडक होतात. पुन्हा धुणे, पुन्हा वाळूवर पसरणे. गुडघाभर उथळ, सतत वाहणारे पाणी आणि त्याला लागूनच तापलेली स्वच्छ वाळू, रंगाऱ्याला याहून काय हवे? मोठी, खोल, भरलेली नदी त्याच्या काही कामाची नव्हती.

मराठी माणसाने या शहराविषयी लिहिताना एक प्रकरण गाळू नये. १७२५ मध्ये मोगल सरदारांच्या भांडणात मराठी फौजा शहराच्या वेशीपर्यंत आल्या, तेव्हा नगरशेठ खुशालचंद यांनी पदरचे पैसे देऊन शहराची लूट टाळली, आणि व्यापाऱ्यांनी कृतज्ञतेने बाजारात छाप पडणाऱ्या मालावर शेकडा चार आणे त्यांच्या घराण्याला कायमचे लावून दिले. ज्यांना आपण बखरींत विजयी वीर म्हणून वाचतो, ते इथे पैसे देऊन परत पाठवायचे लोक होते. पुढे १७५३ मध्ये राघोबादादा आणि दमाजी गायकवाड यांनी शहर घेतले, मध्ये एकदा ते हातचे गेले, १७५८ मध्ये पुन्हा मिळाले आणि मग १८१७ पर्यंत पेशवे व गायकवाड यांचा तिथे जोड अंमल होता. उत्पन्नाचे वाटे पडले, जकातीवर जकाती बसल्या, उद्योग खंगला आणि तटाच्या आतल्या कित्येक जागा ओस पडल्या. गायकवाड हवेली आणि भद्र किल्ल्यातले भद्रकालीचे देऊळ या आपल्या तिथल्या खुणा. खरे तर आपली अधिक चांगली खूण नंतरची आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावळंग्याच्या घराण्यातले गणेश वासुदेव मावळंकर अहमदाबादेत वकील झाले, नगरपालिकेचे अध्यक्ष झाले आणि १९५२ मध्ये लोकसभेचे पहिले सभापती झाले. गुजरातेत आपल्याला ‘दक्षिणी’ म्हणतात. मावळंकरांना तिथे ‘दादासाहेब’ म्हणत.

गिरणीचा आरंभ एका सरकारी नोकराने केला. रणछोडलाल छोटालाल हे नागर ब्राह्मण, इंग्रजांच्या चाकरीत होते. लाचेचा आरोप येऊन ती नोकरी गेली आणि डोक्यात अनेक वर्षे घोळत असलेल्या गिरणीच्या बेताला त्यांना वेळ मिळाला. शहरातले सावकार हुशार होते, पण वाफेवर चालणाऱ्या यंत्रात पैसा घालण्याइतके धाडसी नव्हते, त्यामुळे भांडवल जमवतानाच त्यांचे जोडे झिजले. विलायतेत असलेल्या दादाभाई नौरोजींमार्फत यंत्रे मागवली, ती समुद्रातच नष्ट झाली. दुसऱ्यांदा मागवलेली यंत्रे खंबात बंदरात उतरली आणि तिथून बैलगाड्यांवर लादून अहमदाबादला आणली गेली, कारण मुंबईची रेल्वे शहरात पोचायला अजून तीन वर्षे होती. ३० मे १८६१ रोजी शहापूरची ही गिरणी सुरू झाली तेव्हा तिच्यात सूत कातणाऱ्या अडीच हजार चात्या आणि साठ-पासष्ट कामगार होते. याच रणछोडलालांनी पुढे नगरपालिकेचे पहिले भारतीय अध्यक्ष म्हणून नळाचे पाणी आणि गटारे आणली, आणि पिढ्यानपिढ्या घराखालच्या टाक्यांतले पावसाचे पाणी पिणाऱ्या पोळांमधल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या दाट गल्लीवस्त्यांमधल्या, लोकांचा त्यासाठी रोषही पत्करला.

मुंबईशी तुलना केल्याशिवाय अहमदाबादचा स्वभाव उमगत नाही. मुंबईच्या गिरण्या बंदरावर वाढल्या आणि बराच काळ चीनला सूत पाठवण्यावर विसंबून राहिल्या. ती बाजारपेठ गेल्यावर त्यांना हादरा बसला. अहमदाबादला समुद्र नव्हता. त्यामुळे तिथल्या शेठांनी घरच्या गिऱ्हाइकाचा विचार केला, सुताबरोबर विणकामावर भर दिला, धोतरे आणि साड्या विणल्या, आणि १९०५ नंतर स्वदेशीची लाट आली तेव्हा माल तयार होता. भांडवलही घरचेच. बँकेकडे जाण्याऐवजी गिरण्या सामान्य कुटुंबांकडून ठेवी घेत. पोळातली विधवा आपले चार पैसे बँकेत नव्हे, ओळखीच्या शेठच्या गिरणीत ठेवी. शेठ श्रीमंत असे, पण त्याचा अंगरखा त्याच्या मुनीमापेक्षा फारसा वेगळा नसे. या काटकसरीची टिंगल मुंबई-पुण्याकडे फार होते. मला तीत टिंगल करण्याजोगे काही दिसत नाही. ज्याच्याकडे शेजारणीची ठेव आहे, त्याने उधळपट्टी करूच नये.

काटकसरीचा विषय निघालाच आहे तर एलिस पुलाचीही गोष्ट सांगून टाकतो. पहिला लाकडी पूल १८७५ च्या पुरात वाहून गेला. नवा पोलादी पूल १८९२ मध्ये हिंमतलाल धीरजराम भचेच या अभियंत्याने बांधला आणि तो अंदाजापेक्षा कमी खर्चात झाला. इतक्या स्वस्तात झाला म्हणजे माल हलका वापरला असणार, अशी सरकारला शंका आली आणि चौकशी बसली. चौकशीत काम चोख निघाले, तेव्हा भचेचांना रावसाहेब केले. आता दोन्ही बाजूंनी काँक्रीटचे नवे पूल आहेत आणि मधे तो जुना पोलादी पूल कमानींसकट नुसता उभा आहे.

गांधीजींनी १९१५ मध्ये हेच शहर निवडले त्याची कारणे त्यांनी मोकळेपणाने सांगितली आहेत: हे हातमागाचे जुने केंद्र आहे, म्हणून चरख्याचे काम इथे चांगले होईल, आणि इथे धनिक आहेत, म्हणून पैशाची मदत मिळेल. या दुसऱ्या कारणातला व्यवहारीपणा त्या शहराला साजेसाच आहे. कोचरबच्या आश्रमात अस्पृश्य कुटुंब घेतल्यावर देणग्या आटल्या, तेव्हा एक शेठ मोटारीतून आला, तेरा हजार रुपयांच्या नोटा हातात ठेवून निघून गेला. ते अंबालाल साराभाई होते. तीनच वर्षांनी ते गांधीजींसमोर गिरणीमालकांचे म्होरके म्हणून उभे होते, आणि त्यांच्या सख्ख्या थोरल्या बहीण अनसूयाबेन, कामगारांच्या ‘मोटाबेन’, दुसऱ्या बाजूला होत्या.

१९१७ च्या प्लेगमध्ये कामगार गाव सोडून पळू नयेत म्हणून मालकांनी मोठा बोनस दिला होता. साथ ओसरल्यावर तो बंद केला, महागाई मात्र ओसरली नाही. कामगारांची मागणी पस्तीस टक्के वाढीची, मालकांची तयारी वीसची. फेब्रुवारी १९१८ मध्ये टाळेबंदी झाली आणि रोज संध्याकाळी हजारो लोक साबरमतीच्या वाळूत एका बाभळीच्या झाडाखाली जमू लागले. पस्तीस मिळाल्याशिवाय कामावर जाणार नाही, ही शपथ त्याच झाडाखाली झाली. लोक उपाशी पडू लागले, शपथ डळमळली, तेव्हा १५ मार्चला गांधीजींनी उपोषण सुरू केले आणि तीन दिवसांत तडजोड झाली. ती तडजोड मला फार अहमदाबादी वाटते. पहिल्या दिवशी पस्तीस टक्के, म्हणजे कामगारांची शपथ राहिली. दुसऱ्या दिवशी वीस, म्हणजे मालकांचा शब्द राहिला. तिसऱ्या दिवसापासून पंचाचा निवाडा येईपर्यंत साडेसत्तावीस, म्हणजे बरोबर मधला आकडा. प्रतिज्ञेचा असा हिशेब मांडून ती पाळणारे दुसरे गाव शोधून सापडणार नाही. पंच आनंदशंकर ध्रुव यांनी पुढे पस्तीसच दिले. १९२० मध्ये कामगारांची संघटना झाली तिचे नाव ‘मजूर महाजन’. महाजन हा शब्द तिथे व्यापाऱ्यांच्या संघासाठी शतकानुशतके चालत आला होता. मजुरांनीही तोच घेतला.

आता धोट्याचा डोळा. कांडी बदलली की नव्या सुताचे टोक त्या बारीक छिद्रातून बाहेर काढावे लागे, आणि घाईत ते काढण्याची रीत म्हणजे धोटा तोंडाशी नेऊन सूत ओठांनी ओढून घेणे. एकाच्या तोंडाला लागलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणून साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, दलित कामगारांना प्रवेश नव्हता. त्यांच्या वाट्याला कमी पगाराचे सूतकताईचे खाते आले. श्वासाबरोबर सुताची तूस आणि खळ छातीत जाई, ती मात्र जात पाहून जात नसे. मुंबईतही हाच प्रकार होता. बाभळीखालच्या एकजुटीच्या जोडीला ही फट पहिल्यापासून होती, आणि कामगारांची एकी जिथे उसवली तिथे ती बहुधा अशाच जुन्या शिवणीवर उसवली. १ जुलै १९४६ च्या हिंदू-मुसलमान दंगलीत वसंतराव हेगिष्टे आणि रजब अली लाखाणी हे दोन मित्र जमाव थोपवताना मारले गेले. १९६९ मध्ये आणि २००२ मध्ये पूर्वेकडचे कामगारवस्तीचे भाग होरपळले. आज या शहरात दोन वस्त्यांमधल्या साध्या रस्त्याला लोक सहजपणे ‘बॉर्डर’ म्हणतात. घर शोधताना मी तो शब्द पहिल्यांदा ऐकला, तेव्हा मला वाटले की दलाल पाकिस्तानविषयी बोलत आहे.

स्वातंत्र्यानंतरची तीस-एक वर्षे ही गिरण्यांची सुस्थिती होती. सत्तरच्या आसपास गिरण्या, लाखाहून अधिक कामगार, आणि शेठांच्या पैशातून व विक्रम साराभाई, कस्तुरभाई लालभाई यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या संशोधनसंस्था. गिरणीमालकांच्या संघाने १९५४ मध्ये आपली कचेरी ल कोर्ब्युझिए यांच्याकडून बांधून घेतली. इमारत पश्चिम काठावर आहे आणि तिचा मागचा भाग मुद्दाम नदीकडे उघडा ठेवलेला आहे. वाळूवर कापड धुऊन वाळत घालणारे रंगारी, बगळे, गायी, म्हशी आणि पाण्यात अर्धी बुडालेली गाढवे असे जे दृश्य दिसे, त्याला चौकट मिळावी असे त्या वास्तुकाराच्या मनात होते. काँक्रीटच्या उंच पट्ट्यांमधून मालकांनी खाली पाहावे आणि त्यांना आपल्या धंद्याचे मूळ दिसावे, हे मला त्या इमारतीच्या साऱ्या कीर्तीपेक्षा मोलाचे वाटते.

मुंबईच्या गिरण्या १९८२ च्या संपाने बुडाल्या असे आपल्याकडे अजूनही ठामपणे सांगितले जाते. असे सांगणाऱ्याने एकदा अहमदाबादकडे पाहावे. तिथे तसा संप झाला नाही, तिथली संघटना लवादाची भाषा बोलणारी होती, आणि तरीही त्याच दशकात आणि पुढच्या दशकात गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. मालकांनी जुनी यंत्रे बदलली नाहीत, नफा दुसरीकडे वळवला. यंत्रमागाचे कापड स्वस्त पडू लागले, कृत्रिम धागा आला, आणि १९८५ च्या वस्त्रधोरणाने आजारी गिरण्यांना हात द्यायचे नाकारले. गोमतीपूर, राखियाल, सरसपूरच्या चाळींत भोंगा वाजेनासा झाला. कामगार रिक्षा चालवू लागले, भाजीच्या गाड्या लावू लागले. बायकांनी घरात शिवणयंत्रे आणली, आणि मजूर महाजनाच्याच महिला विभागातून इला भट्ट यांनी १९७२ मध्ये उभी केलेली ‘सेवा’ ही अशा विखुरलेल्या हातांची संघटना होऊन बसली.

नदीचे अंगण त्यानंतर गेले. वरच्या अंगाला सत्तरच्या दशकात धरोईचे धरण झाले होते, त्याने धाराही आटल्या. २००५ पासून दोन्ही काठांना सरळ भिंती घालून, कुठे ऐसपैस तर कुठे अरुंद असलेले पात्र सर्वत्र २६३ मीटरचे केले गेले, वाळूच्या कडेने राहणारी हजारो कुटुंबे शहराबाहेर हलवली गेली आणि नर्मदेच्या कालव्याचे पाणी सोडून नदी काठोकाठ भरली. संध्याकाळी तिथे फिरायला फार सुंदर वाटते, हे मी नाकारणार नाही. मी स्वतः कितीतरी संध्याकाळी तिथे काढल्या आहेत. पण त्या खोल, स्थिर पाण्यात पछेडी धुता येत नाही आणि कोर्ब्युझिए यांच्या इमारतीच्या मागच्या बाजूने आता वाळू दिसत नाही.

गिरण्या गेल्या म्हणजे कापड गेले असे नाही. नारोल, दाणीलिमडा, बहेरामपुरा या दक्षिणेच्या भागांत कापड रंगवण्या-धुण्याचे कारखाने दिवसरात्र चालतात. एका सुटीच्या दिवशी मी वासणा बंधाऱ्यापर्यंत गेलो होतो. दरवाजांच्या वरच्या बाजूला ते निळसर, भरलेले, छायाचित्रांतले पाणी होते. खालच्या बाजूला नदीचे असे पाणी नव्हतेच. शहराचे सांडपाणी आणि कारखान्यांतून सुटलेले काळपट तांबूस पाणी फेसासह वाहत होते. २०२१ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने या प्रदूषणाची स्वतःहून दखल घेतली, तेव्हापासून सुनावण्या आणि तपासण्या झाल्या आहेत. बंधाऱ्याखाली एक बगळा त्या फेसाच्या कडेला उभा होता. तिथून ते पाणी गावागावांतल्या शेतांच्या कडेने दक्षिणेला जाते आणि खंबातच्या आखाताला मिळते, जिकडून पहिल्या गिरणीची यंत्रे बैलगाड्यांवर लादून आली होती.